आईचं वाक्य

साच्याच्या कडेचं जास्तीचं प्लास्टर तिनं सुरीनं खरवडून काढलं, फुंकर मारली आणि साचा खिडकीच्या उजेडात धरला. खालचा जबडा होता. समोरचे सहा दात शिल्लक, बाकी हिरडी सपाट. तिचा अंगठा सवयीनं दातांच्या कडांवरून फिरत गेला आणि मधल्या एका दातापाशी अडला. त्याचा कोपरा उडालेला होता. डावीकडचा सुळा आत कललेला, गर्दीत कुणाला वाट करून देणाऱ्या माणसासारखा.

तिनं साचा खाली ठेवला आणि परत उचलला. जिभेनं आपला डावा सुळा चाचपून पाहिला. तोही तसाच आत कललेला होता. वडिलांचाही होता.

चिठ्ठीवर नाव नव्हतं. दवाखान्याकडून नाव कधीच येत नसे. नंबर यायचा, वय यायचं आणि काय करायचं ते. ‘पुरुष, वय त्रेसष्ट. वर पूर्ण कवळी, खाली अर्धी.’

ती एकोणसाठ वर्षांची होती आणि दादा तिच्याहून चार वर्षांनी मोठा होता. तो बारा वर्षांचा असताना तिनं झोपाळ्याची फळी मागे खेचून सोडून दिली होती आणि ती फळी त्याच्या तोंडावर आदळली होती. रक्त बघून तीच जास्त रडली. त्यानं घरी सांगितलं, मी धावताना पडलो.

समोरच्या फळीवर चाळीस-पन्नास माणसांचे जबडे ओळीनं मांडलेले होते. तिनं हा साचा त्यांच्यात ठेवला नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून खणात ठेवला.

घर सोडून तिला चोवीस वर्षं झाली होती. मोठ्या शहरात कवळ्या बनवायचं पक्कं काम मिळालं होतं, आणि पस्तिसाव्या वर्षी दुसरं कुठलं मिळणार होतं? आई नको म्हणाली नाही. दादा म्हणाला. “म्हातारीला माझ्या गळ्यात टाकून चाललीस. जा. पण मग परत तोंड दाखवू नकोस.” ती दर महिन्याला पत्र लिहीत राहिली. पहिलं सव्वा वर्ष आईची उत्तरं आली, वेड्यावाकड्या अक्षरातली, अर्धी कोरी. मग ती थांबली. आईही रागावली असं तिनं धरलं, आणि आपणही थोडा राग धरला. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी शेजारच्या बाईंचं कार्ड आलं. आई जाऊन एकोणीस दिवस झाले होते. ती धावत गेली तर घराला कुलूप, दादाचा पत्ता कुणाला ठाऊक नाही. कबरीच्या मातीवर ठेवलेली फुलंसुद्धा वाळून गेली होती.

तेव्हापासून तिला कुणी भावंडांबद्दल विचारलं, की ती म्हणे, “आहे एक. लांब असतो.”

*

दर गुरुवारी चार वाजता चर्चच्या मागच्या खोलीत शास्त्रपाठ असे. घडीच्या सात-आठ खुर्च्या, एक टेबल, कधीही नीट न मिटणारी खिडकी. पाळक मध्ये बसत. त्यांच्या उजव्या हाताला निवृत्त मास्तर, ज्यांचं मत प्रत्येक ओळीला असे. डावीकडे नर्सबाई, ज्या ड्यूटीवरून थेट येत आणि पहिली पाच मिनिटं डोळे मिटून बसत. प्रार्थनेसाठी की झोपेसाठी, हे कुणी विचारत नसे. ती दाराजवळ बसे. तिला सगळे कवळीबाई म्हणत. मास्तरांची कवळी तिनंच केली होती.

“कवळीबाई, ही तुमची कवळी शास्त्र वाचताना शिट्टी घालते,” मास्तर म्हणाले.

“शास्त्र सोडून दुसरं काही वाचताना घालते का?”

“नाही.”

“मग दोष कवळीचा नाही.”

पाळक हसले आणि त्यांनी पुस्तक उघडलं. गेले काही आठवडे भावांनी खड्ड्यात टाकून विकलेल्या मुलाची गोष्ट चालली होती. परक्या देशात गुलाम म्हणून गेलेला तो मुलगा आता त्या देशाच्या धान्याचा कारभारी झाला होता. दुष्काळ पडला, आणि तेच भाऊ धान्य मागायला त्याच्यापुढे येऊन वाकले. त्यानं त्यांना ओळखलं. त्यांनी त्याला ओळखलं नाही.

“आता गंमत बघा,” मास्तर म्हणाले. “हा विचारतो, तुम्ही कोण, कुठले. तर ते म्हणतात, आम्ही इतके भाऊ. धाकटा घरी बापापाशी आहे, आणि एक आता नाही. हे कुणाला सांगतायत? त्यालाच.”

नर्सबाईंनी डोळे उघडले. “आणि हा गप्प?”

“गप्प. वर त्यांनाच हेर ठरवतो.”

“मी असते तर तिथंच सांगितलं असतं,” नर्सबाई म्हणाल्या. “इतका जीव कशाला टांगून ठेवायचा माणसांचा.”

तिच्या नखात प्लास्टर अडकलं होतं. ते ती दुसऱ्या नखानं काढत राहिली.

*

वरच्या कवळीचा मेणातला नमुना तिनं तीनदा मोडून केला. कवळीच्या आतल्या बाजूला केसभर उंचवटा ठेवला असता तरी तो रोज, प्रत्येक घासाला टोचला असता, आणि कुठून टोचतंय हे कुणाला सापडलं नसतं. हे तिच्या मनात येऊन गेलं. एकदाच नाही, दोनदा. दोन्ही वेळा तिनं मेण गरम केलं आणि ती जागा बोटानं गुळगुळीत केली.

मंगळवारी दवाखान्यातून फोन आला. डॉक्टर तरुण मुलगी होती आणि तिला मावशी म्हणे.

“मावशी, त्या त्रेसष्टवाल्या काकांना रंग पसंत पडत नाहीये. म्हणतात, इतके पांढरे दात घालून मी काय लग्नाला उभा राहणार आहे? तुम्ही एकदा येऊन बघाल का?”

ती गेली. दारातच पांढरा अंगरखा चढवला, टोपी घातली, मास्क बांधला. तो खुर्चीत मागे रेलून पडला होता, दिव्याचा झोत तोंडावर. गाल आत गेलेले. कपाळ वडिलांचं. हात पोटावर ठेवलेले, बोटं एकमेकांत अडकवलेली. तो शाळेतही असाच बसायचा.

“काका, या आमच्या मावशी. तुमचे दात यांच्याच हातचे.”

त्यानं डोळे किलकिले करून वर पाहिलं आणि मान हलवली. दिव्यामागच्या माणसाचं त्याला काय दिसलं असेल ते दिसलं.

तिच्याजवळ किल्ल्यांच्या जुडग्यासारखा एक जुडगा असे, पांढऱ्यापासून पिवळसरपर्यंत सोळा छटांच्या नमुन्याच्या दातांचा. त्यातला एकेक दात ती त्याच्या ओठाशी धरू लागली. हात स्थिर होता. चोवीस वर्षांची सवय होती ती, तिचं त्यात काही कौतुक नव्हतं.

“हा दात कसा हो तुटला, काका?” डॉक्टरनं सहज विचारलं.

“बहिणीनं तोडला.” दात नसल्यामुळे शब्द ओले, पसरट येत होते. “झोपाळ्याची फळी मारली. लहान होतो.”

“मग बहिणीकडून भरपाई घ्या की.”

“ती नाही आता,” तो म्हणाला.

“अरेरे. सॉरी, काका.”

“त्याला खूप वर्षं झाली.”

तिनं जुडग्यातला अकरावा दात त्याच्या ओठाशी धरला, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, “हा.” मास्कमधून एवढा एकच शब्द बाहेर आला. मग ती आतल्या खोलीत गेली, जिथं हत्यारं उकळत ठेवलेली असत, आणि नळ सोडून बराच वेळ हात धूत राहिली. डॉक्टरनं बाहेरून दोनदा हाक मारली.

*

त्या गुरुवारी मास्तर कारभाऱ्याच्या बाजूनं होते. भाऊ बदललेत की अजून तसेच आहेत, हे पारखून घेणं त्याचा हक्क होता, असं त्यांचं म्हणणं. ज्यानं खड्डा पाहिला आहे, त्यानं पाऊल जपूनच टाकावं.

“पण तो मध्येच उठून आत जातो, रडतो, तोंड धुतो आणि परत येऊन बसतो,” नर्सबाई म्हणाल्या. “हे तुम्ही वाचलंच नाहीत का?”

“वाचलं. शिट्टी घालत वाचलं.”

ती दाराजवळून म्हणाली, “मला एक विचारायचं होतं.”

सगळे वळले. ती चार वर्षं येत होती आणि असं कधी म्हणाली नव्हती.

“ते ‘एक आता नाही’ म्हणतात. ते खोटं बोलतात का?”

पाळकांनी चष्मा कपाळावर चढवला. ते घाईनं उत्तर देणाऱ्यांतले नव्हते. “खोटं म्हणवत नाही मला. वीस वर्षं एखादा माणूस नाही असं धरून चाललं, की तो खरंच नसतो. आणि दुसरं असं, की मेलेल्याची माफी मागावी लागत नाही. तो जिवंत असला, की मागावी लागते.”

“म्हणजे सोय म्हणून मारलं.”

“सोय म्हणून नाही,” पाळक म्हणाले. “लाज म्हणून.”

शास्त्रपाठ संपल्यावर ती खुर्च्या मिटायला थांबली नाही.

*

कवळी तयार झाली तेव्हा ती स्वतः घेऊन गेली. एरवी ती डबी पाठवून देई. डॉक्टरनं दोन्ही कवळ्या बसवल्या, चावून बघायला सांगितलं, कागदाची निळी पट्टी दातांत धरायला लावली. मग म्हणाली, “आता साठपासून सत्तरपर्यंत मोजा, काका. ‘स’ कसा येतो बघू.”

“साठ,” तो म्हणाला. “एकसष्ट. बासष्ट.” प्रत्येक ‘स’ला बारीक शीळ येत होती. तो थांबला, कानकोंडा झाला, परत सुरू झाला. “त्रेसष्ट. चौसष्ट.”

“जीभ थोडी मागे घे, दादा,” ती म्हणाली.

डॉक्टरनं चमकून तिच्याकडे पाहिलं. मावशी पेशंटला अरे-तुरे करत नसत.

तो मोजायचा थांबला. खुर्चीचे हात धरून हळूहळू उठून बसला. तिनं मास्कची गाठ सोडली. ती एका हातानं सुटेना, मग दोन्ही हातांनी सोडली, टोपीही काढली.

तो बघत राहिला. नव्या दातांवर ओठ नीट मिटत नव्हते.

“भिंगरी,” तो म्हणाला.

लहानपणी ती एका जागी बसत नसे म्हणून त्यानं ठेवलेलं नाव होतं ते. ते वापरणारं माणूस जगात दुसरं उरलं नव्हतं.

“केस पांढरे झाले तुझे,” तो म्हणाला, आणि तेवढं बोलून त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. डॉक्टर पोरगी शहाणी होती. तिनं दिवा बंद केला, दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या पेशंटांना अर्धा तास लागेल असं सांगितलं.

नंतर ती दोघं जिन्याजवळच्या बाकावर बसली. समोर भिंतीवर दात कसे घासावेत याचं चित्र होतं. दोघं बराच वेळ त्या चित्राकडेच बघत होती. त्यानं विचारलं, कुठं राहतेस. तिनं सांगितलं. तिनं विचारलं, वहिनी? तो म्हणाला, सात वर्षं झाली जाऊन. मुलगा दूरदेशी आहे, फोन करतो. या शहरात तो दीड वर्षापासून होता. तिच्या खोलीपासून चालत वीस मिनिटांवर.

“तू आईचं मला का कळवलं नाहीस?” तिनं विचारलं. आवाज चढवला नाही.

“आधी राग होता.” तो बुटांच्या टोकांकडे बघत होता. “ती गेली त्या दिवशीही होता. म्हटलं, उद्या कळवू. मग परवा. मग म्हटलं, आता कळवलं तर म्हणेल, इतके दिवस का नाही कळवलंस. पुढं पुढं कुणी विचारलं, की सांगू लागलो, बहीण नाही. सोपं पडायचं.” त्यानं विचारलं, “परवा तुझ्यासमोरच म्हणालो की काय मी?”

“हो.”

त्यानं मान खाली घातली ती वर केली नाही. एक पेशंट गाल धरून जिना चढून गेला. मग तो खाली बघतच बोलू लागला, घाईघाईनं, पाठ केलेलं विसरायच्या आत म्हणून टाकावं तसं.

“एक सांगायचं राहिलं. शेवटच्या दिवशी आईनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, भिंगरीला सांग, माझा तिच्यावर राग नाही. आणि म्हणाली, तुम्ही दोघं एकमेकांना धरून राहा. भावानं चूक केली तर तिनं पोटात घालावी. असं म्हणाली.”

ती त्याच्याकडे वळली. त्याची बोटं एकमेकांत अडकलेली होती आणि पेरं पांढरी पडली होती. ती त्या बोटांकडे बघत राहिली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होईना.

“आणखी काय म्हणाली?” तिनं विचारलं.

“आणखी?”

“हो. सांग ना.”

तो गोंधळला. त्याला विचार करावा लागला. “म्हणाली… पोरगी तिकडं वेळेवर जेवते की नाही कोण जाणे.”

“जेवते,” ती म्हणाली.

*

भावांची गोष्ट संपायला आणखी दोन महिने लागले. शेवटचा भाग आला तेव्हा नर्सबाईंची सुट्टी होती आणि त्या जाग्या होत्या. कवळीबाईंना भाऊ सापडला, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं. पाळकांनी एका गुरुवारी त्यासाठी प्रार्थनाही केली होती, तिची परवानगी घेऊन.

या भागात म्हातारा बाप वारला होता. भावांना धास्ती वाटली, की आता बापाचा आडोसा नाही, कारभारी झालेला भाऊ जुना सूड उगवेल. म्हणून त्यांनी त्याला निरोप पाठवला, की बाबा जाण्याआधी सांगून गेलेत, भावांना क्षमा कर.

“शुद्ध थाप,” मास्तर म्हणाले. “मी मागची सगळी पानं दोनदा चाळली. बाप असं कुठंही म्हणालेला नाही. त्याला माहीत होतं, की यांनी याला विकलं, असाही उल्लेख नाही. यांनी भीतीपोटी बापाच्या तोंडी घातलं ते.”

“लिहिलं नाही म्हणजे म्हणाला नाही, असं कसं?” नर्सबाई म्हणाल्या.

“बरं. मग हा निरोप ऐकून तो रडला, असं लिहिलंय. त्याला खरं वाटलं, म्हणून रडला? एवढा हुशार कारभारी, सगळ्या देशाचं धान्य सांभाळतो, त्याला एवढी थाप कळू नये?”

“कळली असणार,” दाराजवळून आवाज आला.

मास्तर वळले. “मग रडायचं काय कारण?”

तिनं मांडीवरचं पुस्तक सरळ केलं.

“माझी आई शेवटचे आठ महिने बोलत नव्हती,” ती म्हणाली. “झटका आला होता. वाचा गेली होती, उजवा हात गेला होता. तिची पत्रं म्हणून थांबली होती. मी गेले तेव्हा शेजारच्या बाईंनी सांगितलं मला. पाणी हवं असलं तरी डोळ्यांनी दाखवायची म्हणाल्या.”

खिडकीचं दार वाऱ्यानं एकदा आपटलं. पाळकांनी ते उठून ओढलं, पण ते बसलं नाही.

“तुमच्या भावानं तुम्हाला निरोप सांगितला?” नर्सबाईंनी हळूच विचारलं.

“सांगितला.”

“आणि तुम्ही त्यांना म्हणाला नाहीत, की तुम्हाला माहीत आहे?”

“नाही. तो आता दर रविवारी दुपारी येतो. येताना आईचं एखादं वाक्य घेऊन येतो. रस्त्यानं जुळवत येत असेल. दारात आला, की आधी तेवढं म्हणून टाकतो, मग चपला काढतो.”

“तुम्ही ऐकून घेता?”

“ऐकते. मागच्या रविवारी म्हणाला, आईनं सांगितलं होतं, तिला म्हणावं ओल्या केसांनी बाहेर जाऊ नकोस, डोकं धरेल.”

तिनं पुस्तकातली आपली ओळ शोधली. वाचायची पाळी तिची होती.

“ते मात्र तिचंच आहे,” ती म्हणाली.